हाडं कमी, कातडं जास्त

सुजाता,

तुझ्या जलदान विधीला मी तिसऱ्या रांगेत, मांडवाच्या खांबाआड बसले होते. कुठेही गेलं की मला आधी खांब लागतो, हे तुला ठाऊक आहे. भंतेजींच्या गाथा म्हणून झाल्या आणि एकेक जण उठून तुझ्याविषयी बोलू लागला. नरडाण्याच्या कारखान्यातल्या तुझ्या सोबतिणी बोलल्या. तुझी मामी बोलता बोलता मध्येच खाली बसली. शाळेतले सर शिंदखेड्याहून आले होते. ते म्हणाले, ही सातवीत असताना प्रयोगशाळेतला तराजू चुकीचा दाखवतो, हे हिने वजन हातात धरून सांगितलं होतं, आणि तराजू खरोखरच चुकीचा निघाला. लोक हसले. तुझ्या आईने पदर तोंडावर घेतला.

मग तुझ्या वडिलांनी, आबांनी मान वळवून खांबाकडे पाहिलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही बोला दोन शब्द. तुम्ही तिच्या जवळच्या."

मी मान हलवून नाही म्हटलं. बायकांना वाटलं, हिला रडू आवरत नाही. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. खरं सांगायचं तर मी तेव्हा रडत नव्हते. मांडवात किती माणसं आहेत ते मोजत होते. दीडशेच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं. मनात आलं, माझ्यासाठी एवढी येणार नाहीत.

तू गेलीस तरी मी तुझ्यावर जळत होते. त्या दोन शब्दांच्या जागी हे लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण तुझं प्रत्येक वाक्य मी इंग्रजीत नेत आले आणि नेताना काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही. माझं मराठी शाळेतलं तिसऱ्या भाषेचं मराठी आहे. चुकेल तिथे तू हसशीलच. तापाचे ते अकरा दिवस मात्र इथे लिहिणार नाही. ते आबांचे आणि आईचे आहेत.

आपली पहिली भेट आठवते का? शिरपूरच्या हॉस्टेलवर तू दुसऱ्या वर्षाला आलीस, डिप्लोमा करून. तुझी गादी उरलेल्या रेक्झिनच्या पिशवीत होती, आबांनी शिवलेल्या. निळ्या रंगाची, रिक्षाच्या सीटला असते तशी. माझी चाकांची मोठी बॅग दारात अडकली होती. तू ती उचलून आत ठेवलीस आणि म्हणालीस, "अठरा किलो. त्यात सहा किलो नुसती बॅगच." मला राग आला. दिवाळीला जळगावला गेल्यावर मी बॅग रिकामी करून काट्यावर ठेवली. पाच किलो नऊशे ग्रॅम. हे मी तुला सांगितलं नाही. त्यानंतरची तीन वर्षं माझे मार्क तुझ्याहून जास्त होते, दर सेमिस्टरला. तरी वर्कशॉपचे सर काही अडलं की माझ्या डोक्यावरून तुझ्याकडे बघायचे.

तू कुठलीही वस्तू आधी उचलायचीस. मेसचा जग, कुणाचं हेल्मेट, लायब्ररीतली खुर्ची. उचलून क्षणभर थांबायचीस, आणि मग तुझा चेहरा म्हणायचा की एवढं कशाला लागतं. आबांचं धुळ्यातलं दुकान रिक्षांच्या हुडांचं. बारीक पाइपांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड. लहानपणापासून तू एवढंच पाहिलंस की काहीतरी उभं राहायला फार कमी लागतं. आमच्या घरात सगळं जड आहे. पपांना सागवान आवडतं.

आता स्पर्धेचं. ती मला सापडली. हे मला कुठेतरी लिहून ठेवायचंच होतं.

कॉलेज संपून दोन वर्षं झाली होती. मी जळगावात प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या साच्यांची ड्रॉइंग करत होते, तू नरडाण्याला शिफ्टमध्ये. परदेशातल्या एका संस्थेने खुली स्पर्धा लावली होती. एक माणूस आणि थोडं सामान नेणारी तीनचाकी, कमीत कमी पेट्रोलवर जास्तीत जास्त लांब जाणारी, म्हणून हलकी. डिग्री विचारत नव्हते, कॉलेज विचारत नव्हते. जगातल्या कुणीही चित्र पाठवावं. पाठवलेलं सगळ्यांना दिसणार, त्यावर कुणीही बोलणार, कुणीही सुधारणार. दुसऱ्याची कल्पना उचलायला पूर्ण मोकळीक होती. फक्त एका चौकटीत लिहायचं, ही कुणाकडून घेतली. मग त्या मूळ चित्राखाली घेणाऱ्यांची नावं एकाखाली एक लागत जायची.

मी आठवडाभर तुला कळवलं नाही. माझी गाडी काढायला घेतली होती. मग कुणालाच ठाऊक नाही याचा कंटाळा आला म्हणून तुला फोन केला. तू नियम ऐकून घेतलेस आणि लगेच म्हणालीस, "मग आपण दोघी मिळून करू."

मी म्हटलं, "नाही गं, एकेकट्यानेच पाठवायचं आहे. तसा नियम आहे."

तसा नियम नव्हता. दोघांनी, पाच जणांनी, कितीही जणांनी मिळून पाठवलं तरी चालत होतं. तू इंग्रजी पानं वाचणार नाहीस हे मला माहीत होतं. माझी समजूत अशी होती की मी जिंकणार आहे, आणि जिंकल्यावर नाव वाटून घ्यायची माझी इच्छा नव्हती.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

माझी गाडी थेंबासारखी होती. पुढून गोल, मागे निमुळती, हवा कुठेच अडणार नाही अशी. तीन आठवडे मी संगणकावर तिला घासून गुळगुळीत केलं. पांढरा रंग दिला, खाली सावली दिली, मागे सूर्यास्त घातला. पपांनी ती चित्रं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. सगळे म्हणाले, परदेशी वाटते. पपा घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे आणि कुणी काही म्हणायच्या आधी स्वतःच म्हणायचे, "एक नंबर."

तू एक कागद आणलास. दुकानातल्या बिलबुकाचा मागचा भाग, त्यावर पेन्सिलीने काढलेली गाडी, आणि फोटो नीट यावा म्हणून खाली रेक्झिनचा तुकडा. बारीक पाइपांचा सांगाडा, त्यावर मांजरपाट. शिवून ताणायचं, वर चिंचोक्यांची खळ लावायची. खळ सुकताना कापड आणखी आवळतं. तुझं खातं मीच उघडलं, माझ्याच ईमेलवर, कारण इंग्रजी मेल आले तर तुला कळणार नव्हते. माहिती लिहायची वेळ आली तेव्हा तू फोनवर सांगत होतीस आणि मी टाइप करत होते. एरवी तू माझ्याशी पुस्तकी मराठी बोलायचीस. पण रंगात आलीस किंवा चिडलीस की अहिराणी यायची. तेव्हा आली.

"लिही, मॅडम. हिले हाडं कमी शेतस, कातडं जास्ती. कातडं ताणेल शे म्हनीसन उभी शे."

कातडं ताणलेलं आहे म्हणून ती उभी आहे. सबंध गाडी त्या एका वाक्यात होती. मी तीन आठवडे घासलेल्या गाडीविषयी मला असं एक वाक्य सुचलं नव्हतं. मी लिहिलं, सांगाडा बारीक पाइपांचा आहे व त्यावर कापडी आच्छादन आहे. इंग्रजीत हे आणखी कोरडं दिसतं. त्यात चूक एकही नव्हती. कुणीही माझ्याकडे बोट दाखवू शकलं नसतं, आणि तेच मला सोयीचं होतं. तू विचारलंस, लिहिलंस का. मी हो म्हटलं.

पण चित्र मला सपाट करता आलं नाही. चौथ्या दिवशी कुठल्यातरी थंड देशातल्या एका म्हाताऱ्याने तुझ्या कागदाखाली प्रश्न टाकला. तो आयुष्यभर कापडी होड्या बनवत आला होता. त्याने विचारलं, या गाडीचं कापड नुसतं झाकतं, की भारही घेतं? पेन्सिलीच्या चित्रावरून त्याला ते दिसलं होतं. प्रश्न मी तुला मराठीत सांगितला. तू म्हणालीस, "बघ, त्याला कळलं." नंतर विचारात पडलीस. "पण आपण तर लिहिलंच होतं ना ते?"

"हो," मी म्हटलं. "नीट वाचलं नसेल त्याने."

माझ्या गाडीखालीही लोकांनी लिहिलं. सुंदर चित्रं, असं लिहिलं. सूर्यास्ताचं कौतुक दोघांनी केलं. कल्पना मात्र कुणी घेतली नाही. तुझ्याखाली नावं लागत गेली. पहिल्या महिन्यात चार, मग नऊ, मग चौदा. चौदा अनोळखी माणसांनी त्या चौकटीत तुझं नाव लिहिलं, कुणी नीट, कुणी एक अक्षर गाळून. रोज ऑफिसला जाण्याआधी मी ती रांग बघायचे. माझ्याखालची जागा पांढरी होती. दात दुखत असला की जीभ तिथेच जाते, तसं मी ते पान दिवसातून दहादा उघडायचे.

एकदा तू दुकानात माझ्या मोबाइलवर ती चित्रं बघत होतीस. एका गाडीवर पाठवणाऱ्याच्या जागी दोन नावं होती. बोट ठेवून विचारलंस, "हे दोघं कसे काय?"

मी म्हटलं, "नवरा-बायको असतील."

तू माझ्याकडे बघितलंस. "हां," म्हणालीस आणि पुढचं चित्र काढलंस. त्या 'हां'चा अर्थ मी आजवर लावते आहे. तुला कळलं होतं का? कळलं असेल तर तू भांडली का नाहीस? तू तर कंडक्टरशी सुट्या सामानाच्या वजनावरून पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत भांडायचीस.

भांडण आपलं झालं ते पावसावरून. तेही मी काढलं. खळ पाण्यात विरघळते, हे मला सुचलं तेव्हा तुला फोन करता आला असता. मी सगळ्या जगासमोर तुझ्या चित्राखाली माझ्या नावाने विचारलं, पावसाळ्यात या गाडीचं काय होणार? खाली सहा जणांनी लिहिलं, चांगला प्रश्न. मला फार बरं वाटलं. साडेतीन तासांनी तुझा फोन आला. तुझी शिफ्ट सुटली होती, मागे नरडाणा स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती.

"मॅडम, माझ्याकडे फोन नाही का? चौकात कसाले विचारतेस?"

मी म्हटलं, स्पर्धेत असंच असतं, मोकळी चर्चा.

"मोकळी ना? मग उत्तरही घे मोकळं. खळीवर जवसाचं तेल. आबांचे वडील टांग्याच्या टपाला लावायचे. दोन हात दिले की पाणी थेंब थेंब होऊन पडतं. लिही हे, आणि बरोबर लिही."

"बरोबर लिही" असं तू तेव्हाच पहिल्यांदा म्हणालीस. मी बरोबर लिहिलं. होडीवाल्या म्हाताऱ्याने लगेच उत्तर दिलं की त्याचे आजोबाही हेच तेल वापरायचे. तुझ्याखाली आणखी दोन नावं लागली. खड्डा मी खणला आणि तू त्यात झाड लावलंस. अशा मुलीशी मैत्री करणं सोपं नसतं, सुजाता. तू कधी समजून घेतलं नाहीस ते.

पुढच्या फेरीसाठी खरी गाडी बनवून फोटो पाठवायचे होते. मी सुट्टीच्या दिवशी सकाळच्या एसटीने धुळ्याला यायचे, कारण फोटो आणि इंग्रजी माझ्याकडे होतं. दुकानाच्या मागच्या पत्र्याखाली तुझा सांगाडा उभा होता. आबा मला नेहमी अहो-जाहो करायचे. "बसा, मॅडम," म्हणून गिऱ्हाइकाची खुर्ची पुसून द्यायचे, माझ्याशी जपून शुद्ध बोलायचे, आणि वळून तुला अहिराणीत झापायचे. मी त्या पुसलेल्या खुर्चीवर बसून बघायचे.

एक दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तू जाड मशीनवर पाठीची लांब शिवण घातलीस, मानेपासून शेपटीपर्यंत. अर्धा दिवस गेला त्यात. आबा आले, शिवणीवरून अंगठा फिरवत शेवटापर्यंत गेले. मग खिशातलं ब्लेड काढलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी शिवण उसवून टाकली. शिवण बोटभर सरकली तर ताण एका बाजूला जातो, कापड दुसऱ्या बाजूला पोटासारखं लोंबतं. एवढं स्पष्टीकरण त्यांनी मला दिलं, शुद्ध मराठीत. तुला फक्त म्हणाले, "परत घाल." तू पुटपुटत शिवी हासडलीस आणि परत बसलीस.

मी जन्मात कशाचा एवढा हेवा केला नाही. तुझ्या कल्पनेचा नाही, त्या सोळा नावांचाही नाही. माझं काम आजवर कुणी उसवलं नव्हतं. पपांनी माझ्या प्रत्येक चित्राला एक नंबर म्हटलं, आणि मला नेहमी संशय होता की ते नीट बघतही नाहीत. तुझ्या कामावरून अंगठा फिरवणारा माणूस तुझ्या घरात होता. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि पारोळा गेलं तरी तोंड वळवलं नाही.

गाडी झाली. आबांनी एका हाताने पुढून उचलली, तू मागून. तू न तोलता म्हणालीस, "अडतीस." भंगारवाल्याच्या काट्यावर साडेअडतीस भरली. इंजिनाशिवाय, पण तरी साडेअडतीस. माझी संगणकातली गाडी इंजिनाशिवाय एकसष्टची होती. आकडा ऐकून तू म्हणाली होतीस, "एवढी? हिले कोन ढकली?" आणि माझा चेहरा पाहून लगेच, "पण देखणी आहे हां. खरंच."

त्याच दिवशी तू शेवटचं विचारलंस. गाडीपुढे उकिडवी बसून नाकाच्या जागी हात फिरवत होतीस. नाक चपटं होतं, रिक्षासारखं. म्हणालीस, "हवा इथे अडते. मला कळतं, पण मला असा गोल आकार काढता येत नाही. तुला येतो. तुझं नाक लावू हिला. नाव दोघींचं टाकू. टाकता येतं ना आता?"

त्या 'आता'वर तू जोर दिला नव्हतास. मी मात्र तो ऐकला.

मी म्हटलं, "बघू."

तुझ्या नावाखाली, दुसऱ्या ओळीत, माझं नाव. ते चित्र मला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. म्हणजे त्या सोळांमागे सतरावं नाव लागल्यासारखंच, एवढाच विचार करत बसमध्ये बसले. फोटो चपट्या नाकाचेच पाठवले. नंतर दोनदा तुझा फोन आला तेव्हा तू नाकाचा विषय काढला नाहीस. मीही काढला नाही. तिसऱ्यांदा तुझ्या आईचा फोन आला, तुला ताप आहे म्हणून. मी म्हटलं, रविवारी येते. रविवारपर्यंत तुला दुसऱ्या दवाखान्यात हलवलं होतं आणि आत एकालाच सोडत होते.

जलदान विधीनंतर चौथ्या दिवशी मेल आला. खात्यावर माझा पत्ता, म्हणून माझ्याकडे. बांधायला निवडलेल्या तीन गाड्यांत तुझी आहे. ते ती त्यांच्याकडे पूर्ण बनवणार, चालवून बघणार. दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक, गाडीशेजारी लावायच्या फलकासाठी रचनाकाराच्या शब्दांत गाडीचं वर्णन. दुसरी, नाक हवेला जास्त अडतं, ते सुधारून पाठवावं, आणि बांधणी होईपर्यंत प्रश्नांना उत्तरं देणाऱ्याचं नाव कळवावं. कुणी नसेल तर चौथी गाडी घेतील. चौथी माझी नव्हती. मी यादीत सत्ताविसावी होते, ते मी आधीच बघून ठेवलं होतं.

कबूल करते, पहिल्या क्षणी तुझ्या निवडीचा आनंद झाला नाही. मला वाटलं, जाऊनही जिंकली. मग मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले आणि मांडवात जे आलं नव्हतं ते आलं.

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. दिलं नसतं तर कुणाला कळणारही नव्हतं. आबांना इंग्रजी येत नाही. स्पर्धेचं पुढे काय झालं हे त्यांनी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी काहीही सांगू शकले असते. तुझी गाडी माझ्या एका गप्प बसण्यावर अडली होती. गप्प बसणं मला किती छान जमतं हे तुला माहीत आहे. ऑफिसात बसून मी स्वतःला दोनदा पटवलं की ज्या गाडीचं माणूसच गेलं ती बांधून काय करायची. दोन्ही वेळा तुझं ते वाक्य मध्ये आलं.

तिसऱ्या दिवशी ते वाक्य मी इंग्रजीत लिहिलं. हाडं, कातडं, ताण, उभं राहणं, सगळं घेतलं. अकरा वेळा खोडलं. तुझ्या वाक्याला एक उडी आहे, ती माझ्या इंग्रजीत जरा जड होते. पण आता ते नुसतं झाकत नाही, भारही घेतं. खाली तू बोललीस तसं मूळ वाक्य देवनागरीत ठेवलं आणि कळवलं की फलकावर दोन्ही छापा. नाव तुझं. उत्तरं देणारी म्हणून माझं. नाक पाठवते, असंही लिहिलं. दोघींनी मिळून करता येत होतं, हे मात्र आबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं.

काल रविवारी धुळ्याला गेले. माझ्या पिशवीत नाकाचे कागदी साचे होते. गोल आकार सपाट कापडातून काढायचा तर कळ्या, म्हणजे निमुळत्या पट्ट्या लागतात, परकराला असतात तशा. मी संगणकावर हिशोब करून सहा कळ्या काढल्या होत्या. आबांनी खुर्ची पुसली, पण मी मशीनच्या स्टुलावर बसले. मेलचं सांगितलं.  त्यांनी उठून फळीवरून मांजरपाटाची एक घडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

खडूच्या रेघांनी आखून कापलेलं नाक होतं. माझं नाक. माझ्या चित्रावरून, मोबाइलच्या काचेवर सुतळी ठेवून मोजलेलं. कडेला खडूने तुझे आकडे. आबा म्हणाले, तापाच्या आदल्या दिवशी कापत होती, म्हणाली मॅडम बघू म्हणालीय.

माझं 'बघू' तू 'हो' म्हणून घेतलं होतंस, की मला हो म्हणायला जागा ठेवत होतीस, हे तूच जाणे. मी घडी उलगडून कळ्या मोजल्या. चार. माझ्या सहा, तुझ्या चार. जमिनीवर जुळवून पाहिल्या तर आकार बरोबर येत होता. दोन शिवणी कमी, तेवढा दोरा कमी, तेवढं वजन कमी. मी तिथेच, तुझ्या आबांच्या समोर, पुन्हा एकदा तुझ्यावर जळले. माझे कागद मी पिशवीतून बाहेर काढले नाहीत.

मग शिवायला बसले. तू मला सरळ शिवण शिकवली होतीस, हातरुमालावर. जाड मशीन माझ्या पायाचं ऐकत नव्हतं. पहिल्या दोन कळ्या जोडायला दीड तास लागला. सुई तुटली एकदा. आबा बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होते. शिवण पुरी झाल्यावर मी कापड मांडीवर पसरून बसले, त्यांना हाक मारली नाही.

ते स्वतःच आले. वाकले, टोकाला अंगठा ठेवला आणि हळूहळू वरपर्यंत नेला. मध्ये एका ठिकाणी अंगठा थांबला.  मला वाटलं आता म्हणतील, छान आहे, मॅडम, राहू द्या.

आबांनी खिशातून ब्लेड काढलं. टाके तुटतानाचा तो बारीक आवाज मी इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. दोन्ही कळ्या वेगळ्या होऊन माझ्या मांडीवर पडल्या. त्यांनी दोरा फुंकून उडवला.

"वाकडी शे, पोरी," ते म्हणाले. "परत घाल."